बोरीवली ते माहुल, एका गप्प जनरेटरच्या शोधात

ह्या ब्लॉगवर आजवर तारकर्ली झालं, हंपी झालं, स्पितीसुद्धा झालं. दर वेळी तुम्ही विचारता, "ताई, बजेट किती?" ह्या वेळी ऐकून खूश व्हाल. मी सकाळी बोरीवलीहून निघाले, अंधेरी, घाटकोपर, माहुल असं केलं आणि संध्याकाळी घरी भाजी चिरत होते. काय बघितलं? जनरेटर. हसून घ्या. लोक धबधबा बघायला पाच तास ट्रॅफिकमध्ये बसतात, त्यांना कुणी हसत नाही.

आता जनरेटर का, ते सांगते. आमची बिल्डिंग बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला. घर घेताना ब्रोकर म्हणाला होता, खिडकीतून जंगल दिसेल. दिसायचंही. मग शेजारची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आणि आता खिडकीतून क्रेन दिसते. क्रेनच्या पायाशी, आमच्या कंपाउंडच्या भिंतीला चिकटून, पिवळ्या पेटीतला डिझेल जनरेटर. विजेचं मोठं कनेक्शन मिळेपर्यंत तो "थोडेच दिवस" चालणार होता. बिल्डरचे थोडे दिवस म्हणजे किती, हे मुंबईत राहणाऱ्याला मी काय सांगू.

त्याचं धुराडं बरोबर आमच्या बाबांच्या खिडकीकडे. बाबा मूळचे मालवणकडचे, आधी मिलमध्ये, मग एका औषधाच्या कारखान्यात मेंटेनन्सला, आणि रिटायर झाल्यापासून आमच्या सोसायटीचे बिनपगारी पाणीपुरवठा मंत्री. रोज सकाळी टाकीचा व्हॉल्व्ह तेच सोडतात. कुणाला पाणी कमी आलं, कुणाचा नळ गळतो, कुणाकडे पाहुणे आलेत म्हणून पाच मिनिटं जास्त हवंय, सगळी खाती त्यांच्याकडे. आई गेल्यापासून ते त्या व्हॉल्व्हच्या जोरावर उभे आहेत, असं मला वाटतं.

गेल्या हिवाळ्यात बाबांना खोकला धरला तो सोडेना. आमच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब ठेवा. माझा मोठा भाऊ, दादा, मुलुंडला राहतो. ऑफिसात मॅनेजर आहे आणि घरीही तेच पद सांभाळतो. त्याने एका फोनमध्ये निकाल लावला: "मनू, तो जनरेटर तिथून हलला तर ठीक. नाही हलला तर दिवाळीनंतर बाबा गावी, काकांकडे. शुद्ध हवा, समुद्र, शहाळी. कोकणातल्या माणसाला आणखी काय हवं?"

कोकणातला माणूस म्हणजे जन्मभर गावाच्या नावाने उसासे टाकणारा प्राणी, अशी मुलुंडमध्ये समजूत आहे. बाबांना गाव आवडतं ते मे महिन्यात, परतीचं तिकीट खिशात असताना. ते मला एवढंच म्हणाले, "थंय जावन काय करू गो? थंय सगळ्यांका विहिरी आसत. व्हॉल्व्ह खंयचो सोडू?"

आणि गंमत बघा, दादाने गावाचं नाव काढल्यापासून बाबांचा खोकला कमी झाला. मी ज्येष्ठमधाला श्रेय दिलं. दादा काही बधला नाही. धूर आहे तोवर खोकला परत येणार, त्याचं म्हणणं. त्याचंही चूक नव्हतं, कारण बाबा हट्टाने त्याच धुराच्या खोलीत बसायचे. बाहेर जनरेटर धडधडायला लागला की हे आत जाऊन, दार लावून पेपर वाचणार, आणि तो बंद पडला की बाहेर येणार. असला उफराटा माणूस.

अशात बिल्डरला साक्षात्कार झाला. डिझेल काढून तिथे हायड्रोजनवर चालणारा जनरेटर लावायचा. आमच्या प्रेमापोटी नव्हे. त्याला जाहिरातीत हिरवं पान छापायचं होतं. पण सिलिंडरचा पिंजरा आमच्या भिंतीलगत मोकळ्या जागेत येणार, म्हणून त्याला आमच्या सोसायटीची ना हरकत हवी होती. झालं. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. हायड्रोजन म्हणजे बॉम्ब, आपण सगळे उडणार, असं पहिल्या मजल्याने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला कळवलं. ह्याच लोकांच्या ओट्याखाली गॅसचे दोन दोन सिलिंडर आहेत आणि जिन्याखाली पेट्रोलने भरलेल्या स्कूटर, पण ते आपले घरचे.

सेक्रेटरी नाईक काकांनी शेवटी फर्मान काढलं, "मनू, तू एवढी जगभर फिरतेस ना, अंधेरीला एका साइटवर म्हणे असलंच मशीन लागलंय, जरा जाऊन बघून ये. रविवारच्या मीटिंगमध्ये सांग." आणि ज्या माणसाचं सगळं ह्यावर अवलंबून, ते आमचे बाबा काय म्हणाले असतील? "माका ह्यां काय पटणा नाय. डिझेल बरा आसा."

का बरं आहे, ते सांगेनात. मिलच्या आवाजात आयुष्य गेलं, आता आवाज नसला तर करमत नसेल, अशी मी माझी समजूत घातली आणि त्यांनाही बरोबर घेतलं. डोळ्यांनी बघतील तर पटेल.

शनिवारी सकाळी निघालो. मागाठाण्याहून मेट्रो, गुंदवलीला उतरायचं, पुलावरून चालत दुसऱ्या मेट्रोत बसायचं आणि मरोळ नाका. ऑक्टोबरच्या उन्हात हाच मार्ग शहाण्याचा. एसी आहे, गर्दी सोसवेल इतकी आहे आणि तिकिटाला पन्नासाची नोट पुरते. हायवेने रिक्षा करायची हौस असेल तर जरूर करा, खड्ड्यांतली मेट्रोच्या खांबांची सावली तेवढी फुकट मिळते. बाबांनी निघताना खिशात खडीसाखर भरून घेतली होती आणि मेट्रोत एकामागून एक तोंडात टाकत होते. त्यांचा चेहरा लाल झालेला.

"एसी लागतोय का बाबा?"

त्यांनी मान हलवली आणि आणखी एक खडा टाकला. डायबिटीस नाही म्हणून मी गप्प बसले.

मरोळला ग्लेन भेटला. ग्लेन आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधला, मरोळच्या गावठाणातला, एका मोठ्या ऑफिस टॉवरच्या साइटवर इंजिनिअर. त्याच्या आजोबांची भातशेती जिथे होती तिथेच आता तो काँक्रीट ओततो आणि हे तो स्वतःच हसत हसत सांगतो. "या काका, हेल्मेट घाला. मनू, तुझं पण. आणि ते सँडल घालून कोण साइटवर येतं गं?" म्हणजे वाचकहो, जाड बूट घालून जा.

तर ते मशीन. पांढरी, टेम्पोएवढी एक पेटी. शेजारी वरून उघड्या जाळीच्या पिंजऱ्यात लाल उभे सिलिंडर. फ्रिज जेवढा घुमतो तेवढा आवाज. मी चार वेळा फोटो काढला आणि चारही वेळा तो पाण्याच्या टाकीचा फोटो दिसतो, त्यामुळे इथे टाकत नाही. हिमालयाने मला कधी असं फसवलं नव्हतं.

बाबा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "चालू कर मरे, बघूया."

"काका, चालूच आहे. ती वर क्रेन फिरतेय ना, ह्याच्यावरच फिरतेय."

बाबांनी क्रेन बघितली, पेटी बघितली, परत क्रेन बघितली. "आवाज नाय त्या मशीनचो भरवसो काय?"

ग्लेनला हसू आवरेना. म्हणे पहिल्या दिवशी क्रेनचा ऑपरेटर वर चढायलाच तयार नव्हता. खालून धडधड ऐकू येत नाही म्हणजे लाइट नाही, आणि मध्येच हूक लटकला तर कोण बघणार? शेवटी पेटीवर एक लाल दिवा लावला, तो वरून दिसतो, तेव्हा गडी चढला. दुसरी वाट लागली जेवणाची. इतकी वर्षं जनरेटर बंद पडला की जेवणाची सुट्टी, हे सगळ्या साइटला पाठ. आता हे यंत्र बंदही पडत नाही आणि ऐकूही येत नाही, म्हणून दुपारी लोक उपाशी काम करत राहिले. मग एक माणूस नेमला, तो लोखंडी पाइप बडवतो. जगातलं अत्याधुनिक तंत्रज्ञान आणि त्याला जोडीला पाइप बडवणारा माणूस. मला आपला देश फार आवडतो.

पण खरी गोष्ट पूजेची. साइटवर नवीन यंत्र आलं की पूजा होतेच, नारळ, उदबत्ती, कापूर, आरती. इथेही कॉन्ट्रॅक्टर गुरुजींना घेऊन आला. ग्लेन आडवा आला. विस्तव ह्या पिवळ्या रेषेच्या आत येणार नाही, म्हणाला. गुरुजी म्हणाले, आरतीशिवाय पूजा नाही. मजूर म्हणाले, पूजेशिवाय हात लावणार नाही. तास दीड तास वाटाघाटी झाल्या. शेवटी काय करावं? फुलं आणि हळदकुंकू हायड्रोजनला, आणि कापूर पेटवून आरती ओवाळली ती पलीकडे काढून ठेवलेल्या जुन्या डिझेल जनरेटरला. त्याला विस्तव चालतो. पूजेचा हारसुद्धा अजून त्याच्याच गळ्यात होता, सुकलेला. निवृत्तीच्या दिवशी एवढा मान आमच्या बाबांनासुद्धा मिळाला नव्हता.

आता कामाचं. मी नाईक काकांचे प्रश्न विचारले. आत हायड्रोजन जळत नाही. तो आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात, त्यातून वीज होते आणि धुराऐवजी पाणी बाहेर पडतं. क्रेनने एकदम जोर मागितला तर आत बॅटरी आहे, ती सांभाळून घेते. गळला तर? "हलका आहे ना, सरळ वर जातो, म्हणून पिंजऱ्याला छप्पर नाही. शिवाय सेन्सर आहे, जरा गळला तरी तो मशीन बंद करतो," ग्लेन म्हणाला. "पण विडी पेटवून कोणी जवळ आला ना, तर मी काका मामा बघत नाही." महाग पडतो का? पडतो, डिझेलपेक्षा बराच. पण ते बिल्डरचं दुखणं, ते त्याने ब्लॉग लिहून मांडावं.

पेटीच्या मागून एका नळीतून थेंब थेंब पाणी गळत होतं. साइटचा वॉचमन ते कॅनमध्ये धरून घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो, एकदम शुद्ध असतं म्हणे. बाबांचा मंत्रिपदाचा जीव लगेच जागा झाला. "पिऊक येता?" ग्लेन म्हणाला, नको काका. तरी बाबांनी बाटली भरून घेतली. मी म्हटलं, घ्या, तीर्थक्षेत्राला आलोय, तीर्थ तर न्यायलाच हवं.

ते बाटली भरत होते आणि आजूबाजूला अशी शांतता की थेंबाचा आवाज यावा. एकाएकी बाबा उठले आणि तरातरा लांब, काँक्रीट वर फेकणाऱ्या पंपाकडे गेले. तो अजून डिझेलचाच होता, कान फुटतील असा. आमच्याकडे पाठ करून, त्याच्या अगदी जवळ जाऊन बराच वेळ उभे राहिले.

"काकांना मशिनरीची आवड दिसते," ग्लेन म्हणाला.

"आवाजाची आहे," मी म्हटलं. माझी समजूत आणखी पक्की झाली.

निघताना मी विचारलं, "हे सिलिंडर येतात कुठून?" नाईक काकांचा तोही प्रश्न होता. ग्लेन म्हणाला, माहुलकडून, रिफायनऱ्यांच्या पट्ट्यातून. आणि मग जरा ओशाळून, "खोटं कशाला बोलू, हा काही हिरवा हायड्रोजन नाही. पाण्यापासून बनवलेला अजून आम्हाला मिळत नाही. हा नॅचरल गॅसपासून बनतो. इकडे धूर नाही, पण बनवताना तिकडे होतोच."

माहुल म्हटल्यावर बाबा दिवसभरात पहिल्यांदा खुलले. त्यांचे मिलमधले दोस्त साळवी काका माहुलच्या वसाहतीत राहतात. नाल्यावरची त्यांची खोली रस्त्यात गेली आणि बदल्यात तिथे घर मिळालं. "जावया," बाबा म्हणाले. म्हणजे ट्रिप वाढली.

मेट्रोने घाटकोपर. इथे खाऊ गल्लीत जाऊन आपली पचनशक्ती तपासणं ही ब्लॉगरची नैतिक जबाबदारी. मी एक डोसा मागवला ज्यात पावभाजी, चीज, शेजवान आणि बहुधा मालकाचा राग होता. डोसा कुठे होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाबांनी साधी इडली खाल्ली आणि माझ्याकडे दयेने बघत राहिले. पुढे माहुलला रिक्षा मिळवणं हा वेगळा खेळ आहे. नाव ऐकलं की रिक्षावाला आधी समोर बघतो, मग मीटरकडे, मग निघून जातो. चौथा तयार झाला, कारण त्याचं घर तिकडेच होतं. त्याने सिग्नलला वळून सांगितलं, "मॅडम, काच असती तर लावली असती." वास चेंबूर सोडलं की सुरू होतो. आधी वाटतं डोशाचाच आहे.

चेंबूरच्या पुढे ट्रॅफिक तुंबलेलं. आमच्या पुढ्यात एक ट्रक, त्यावर ग्लेनकडे होते तसेच लाल सिलिंडर उभे बांधलेले, बाजूला हिरवं पान रंगवलेलं आणि मागून काळाभोर धूर. ट्रक अर्थातच डिझेलचा. बाबांनी माझ्या मांडीवर थाप मारली.

"बघ गो. हायड्रोजन येता तो डिझेलावर बसान."

मी नाकाला रुमाल लावला.

माहुलमध्ये बघण्यासारखं काय? ज्या गेटमधून असे ट्रक येतात तिथे वॉचमनने आम्हाला थांबूसुद्धा दिलं नाही, म्हणजे उगाच जाऊ नका. गेटसमोर टाक्या, पाइप, एक उंच चिमणी. मागे कोळीवाडा आणि खाडी, वाळत टाकलेली जाळी, फ्लेमिंगो येतात म्हणतात, आम्ही गेलो तेव्हा ते बहुधा रजेवर होते. आणि मग साळवी काकांच्या इमारती, एकीला एक चिकटलेल्या, मधल्या गल्लीत ऊन शिरत नाही.

साळवी काका दारातच बाबांच्या गळ्यात पडले आणि खोकायला लागले. चांगले वाकून, भिंत धरून. काकू पाणी घेऊन आल्या नाहीत, काही विचारलंही नाही, टीव्हीचा आवाज जरा वाढवला. मी घाबरले तर काका म्हणाले, "काही नाही गं पोरी. इथे सगळे खोकतात. कोण कुणापासून लपवणार?" आणि बाबांकडे बघून हसले. बाबा हसले नाहीत.

मग बाबा मला म्हणाले, "खाली जावन चाय घेवन ये. टपरीवरची."

काकू चहा करायला उठल्याच होत्या. पण बाबांचा सूर असा की मी गेले. किटली घेऊन जिना चढत होते तर वर साळवी काका इतके खोकत होते की मला वाटलं दोन माणसं खोकतायत. दार उघडलं तेव्हा दोघे म्हातारे डोळे पुसत होते. जुन्या आठवणींनी भरून आलं असेल म्हणून मी कप मांडले. साळवी काकांनी चहा पिता पिता तुमच्याकडे हे नवीन मशीन येणार का, चांगलं आहे का, विचारलं. मी सगळं उत्साहाने सांगितलं, धूर नाही, आवाज नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मग छान. तुमचा धूर पण इकडेच येऊ दे. इथे ओळखीचा आहे." त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

परतीच्या वाटेवर बाबांनी उरलेली खडीसाखर संपवली. मी मात्र ठरवलं, रविवारी ना हरकत घ्यायचीच. साळवी काकांकडे बघून ठरवलं. बाबांना असं भिंत धरून खोकताना मला बघायचं नव्हतं, आणि गावी एकटं पाठवायचंही नव्हतं.

रविवारच्या मीटिंगमध्ये मी एखाद्या किल्ल्याची माहिती द्यावी तशी हायड्रोजनची दिली. बॉम्बचं निघालं, सेन्सरचं निघालं, त्या पाण्याने झाडं जगतील का तेही निघालं. माहुलचं आणि डिझेलच्या ट्रकचंही मी सांगितलं. त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही, तो काय आपला वॉर्ड नव्हे. मतं अडली होती, तेवढ्यात मी पूजेची गोष्ट सांगितली आणि सगळे विरघळले. पूजा होणार असेल तर हरकत नाही, असा ठराव झाला. एकच हात वर झाला नाही. बाबांचा. रात्री फोनवर हे सांगितलं तेव्हा दादाने कपाळाला हात लावला असावा, आवाज आला तसा.

पुढच्या आठवड्यात पांढरी पेटी आली. इथेही आरती डिझेललाच, तो ट्रकवर चढवायच्या आधी. नाईक काकांनी मानाने तबक बाबांच्या हातात दिलं, आणि बाबांनी त्या पिवळ्या धुडाला अशी मनापासून आरती ओवाळली की बघणारे हसायला लागले. मीही हसले. फोटोही काढला.

संध्याकाळी दादा मुलुंडहून पेढे घेऊन आला. आम्ही बाबांच्या खोलीची खिडकी सताड उघडली, कित्येक महिन्यांनी. बाहेर क्रेन फिरत होती आणि पार्कातले पक्षी ऐकू येत होते. दादा एकदम साहेबी थाटात म्हणाला, "झकास. गाव कॅन्सल. बाबा इथेच." त्याने बाबांना पेढा भरवला. मी दादाला टाळी दिली. आम्ही दोघे हॉलमध्ये येऊन बसलो आणि बाबा सवयीने खोलीत गेले, दार लावून घेतलं.

आणि मग तो खोकला. आधी दाबलेला, मग न आवरणारा, मग श्वास घ्यायला थांबणारा आणि परत सुरू होणारा. दारातून येत होता, आणि उघड्या खिडकीतून बाहेर जाऊन कंपाउंडमधूनही येत होता. पलीकडे काम करणारे मजूर वर बघायला लागले. नाईक काकांनी गॅलरीतून हाक मारली, "मनू, कोण खोकतंय गं?" दादाच्या हातातला पेढा हातातच राहिला.

मी दार उघडलं. बाबा कॉटच्या कडेला टॉवेल तोंडावर धरून बसले होते, खिडकीकडे पाठ करून. डोळ्यांतून पाणी येत होतं. दादा माझ्या मागे उभा.

"कधीपासून?" दादाने विचारलं. मॅनेजरचा आवाज नव्हता तो.

"कमी झालोच नाय कधी," बाबा म्हणाले. "तुमी ऐकल्यात तर माका गावाक धाडतल्यात. तो पिवळो होतो तवसर कोणाक ऐकाक येय नाय. म्हणान सांगत होतंय, डिझेल बरा."

मला एकदम सगळं दिसलं. बंद दार, पेपर, खडीसाखर, काँक्रीटचा पंप, साळवी काकांचा जिना. मला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम. ज्या धुराने खोकला वाढत होता त्याच्याच आडोशाला बसून हा माणूस खोकत होता, कारण धुरापेक्षा त्याला आमची जास्त भीती वाटत होती. आणि मी ज्येष्ठमधाला शाबासकी देत होते.

दादाने हातातला पेढा खिडकीत ठेवला. मग बाबांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "गाव बिव काही नाही. उद्या छातीचा डॉक्टर. मी रजा घेतो." घेतलीही. मुलुंडला तपासण्या झाल्या. तुम्ही खूप आधी यायला हवं होतं, असं तिथल्या डॉक्टरीण बाईंनी बाबांना सुनावलं आणि रोज श्वासातून ओढायचा औषधाचा पंप दिला. जिथे धूर नाही तिथे राहा, मग ते बोरीवली का असेना, म्हणाल्या. बाबा घरी येऊन लगेच व्हॉल्व्ह बघायला खाली गेले.

तर ह्या ट्रिपमधून काय राहिलं? टीव्हीवर ती पाण्याची बाटली आहे, ती कुणी पीत नाही, कुणी टाकतही नाही. भिंतीपलीकडे पेटी आहे, जिचा फोटो अजून टाकीसारखाच येतो. आमची खिडकी उघडी असते. बाबा अजून खोकतात, पूर्वीपेक्षा कमी, आणि आता खरोखर कमी, कारण आता फसवायला सोय नाही. सकाळी ते व्हॉल्व्हपाशी खोकले की वरच्या मजल्यांवरून विचारणा होते, पंप घेतला का. बाबा वैतागून म्हणतात, अख्खी बिल्डिंग डॉक्टर झाली. तुमच्याकडे बिल्डर असलं मशीन लावतो म्हणाला तर लावू द्या, भांडू नका. फक्त पहिल्या संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे कान द्या.

परवा साळवी काकांचा फोन आला होता. बाबांनी स्पीकरवर टाकला आणि खिडकीत बसून बोलले. मध्येच तिकडून खोकला आला, मग इकडून आला, मग दोघे हसले आणि परत खोकले. मी किचनमधून ऐकत होते. ह्या वेळी मला दोघे वेगवेगळे ओळखू आले, आणि जास्त कोण खोकतंय तेही.